घंटेच्या मनोऱ्यावर सिमेंटचा गिलावा चढणार आहे, थांबवायचं कसं?

चित्रमास्तर | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आणि घाईनं लिहितोय, कारण हातात फार तर तीन आठवडे आहेत.

मी तिसवाडीतल्या एका गावात राहतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथली माणसं माझी रोजची आहेत, कुणाला दुखवायचं नाही. चर्च आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दर्शनी भिंतीच्या उजव्या अंगाला घंटेचा एकच मनोरा, तीन मजली, वर लहानसा घुमट. आमच्या देवघरात मंगेश आणि शांतादुर्गा, पण घरातलं घड्याळ म्हणजे ती घंटा. सकाळी, दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला. संध्याकाळची घांट झाली की आई हातातलं काम टाकायची, पदर सारखा करायची आणि तुळशीपुढं दिवा लावायची. ती गेली, सुतक फिटलं, आणि त्या संध्याकाळी घंटा झाल्याबरोबर माझी बायको काही न बोलता उठली आणि दिवा घेऊन अंगणात गेली. तेव्हापासून ती लावते.

मागच्या पावसात मनोऱ्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीचा दाराएवढा गिलावा खाली आला. कुणाला लागलं नाही, पण घाबरले सगळेच. चर्चचा कारभार बघणाऱ्या फाब्रिक समितीनं ठरवलंय की जुना चुन्याचा गिलावा पूर्ण खरवडायचा, जाळी मारून सिमेंट करायचं, वर पाणी न शिरणारा रंग द्यायचा. घंटा ओढणारे काका आता थकलेत, म्हणून वर कर्णा बसवून रेकॉर्ड केलेली घंटा लावायची. समितीत माझा शाळेपासूनचा मित्र आहे. त्याच्याही मनात खळखळ आहे, पण त्याला समितीपुढं मांडायला काहीतरी ठोस हवं.

परवा रविवारी त्यानं मला वर नेलं. इतकी वर्षं खालून चित्रं काढली, वर पहिल्यांदाच गेलो. चक्री जिना, एका वेळी एकच माणूस मावेल इतका. प्रत्येक पायरी मध्ये खोलगट झालेली. दुसऱ्या मजल्यावर लाकडी तक्तपोशीला एक भोक आहे, त्यातून घंटेचा दोर खाली जातो. त्या भोकाच्या कडा दोरानं घासून घासून अशा गुळगुळीत झाल्या आहेत की हात फिरवला तर शिसवी वाटतं. वर घंटा. कडेला उठावाचा क्रूस, अक्षरं झिजलेली. लोळा जिथं आदळतो तिथं दोन्ही बाजूंना चकचकीत खळगे पडलेत, माझा अंगठा त्यात नीट बसला.

आणि भिंत. गिलावा पडलाय तिथं चिऱ्याला बोट लावलं, तर लाल भुगा बोटावर आला. उत्तरेच्या बाजूला कुणीतरी कधी काळी सिमेंटचं ठिगळ मारलेलं आहे. दिसायला एकदम भक्कम. मित्रानं त्यावर बोटाच्या पेरानं ठोकलं तर पोकळ, भद्द आवाज आला.

तर प्रश्न असे: सिमेंट नको म्हणायचं तर कारण काय सांगायचं? असल्या मनोऱ्याला कायद्याचं संरक्षण असतं का? कर्ण्याला पर्याय काय? ज्यांना जे माहीत आहे ते लिहा.

चिरेबंदी | सोमवार, रात्री १०:४०

मास्तर, तुमच्या मित्रानं बोटाच्या पेरानं जी तपासणी केली तीच आम्ही हातोडीनं करतो. तो भद्द आवाज हेच तुमचं ठोस कारण.

मी स्थापत्य अभियंता आहे, मडगावला असतो, जुन्या घरांची कामं करतो. चिरा म्हणजे जांभा. खाणीतून काढताना मऊ असतो, तासता येतो. वाळला की त्यातलं लोह घट्ट होतं आणि दगड कठीण होतो. पण तो आतून जाळीदार, छिद्राछिद्रांचा. पाणी पितो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तो बहुतेक सगळा चार महिन्यांत, आणि मनोरा तर चारही बाजूंनी उघडा, झोडपून काढणारा पश्चिमेचा वारा. पाणी आत जाणारच. प्रश्न ते बाहेर कसं येतं एवढाच.

चुन्याचा गिलावा श्वास घेतो. भिंतीत गेलेलं पाणी ऑक्टोबरपासून हळूहळू त्यातून उडून जातं. चुना थोडा झिजतो, पडतो, आणि तो पडावा म्हणूनच असतो. दगडाच्या ऐवजी तो मार खातो. सिमेंट कठीण आणि बंद. त्याला बारीक तडे जातातच, तड्यातून पाणी आत जातं, पण बाहेर यायला वाट नाही. ते पाणी विरघळलेले क्षार घेऊन दगड आणि सिमेंटच्या मधोमध साचतं, वाळताना क्षारांचे स्फटिक होतात, आणि ते स्फटिक चिऱ्याचा पृष्ठभाग फोडतात. म्हणजे बाहेरून भिंत गुळगुळीत आणि आत लाल पीठ. मग एक दिवस सिमेंटची अख्खी लादी निघते, आणि येताना बोटभर जाड चिरा सोबत घेऊन येते. वरून पाणी न शिरणारा रंग म्हणजे उरलीसुरली छिद्रंही बुजवणं.

जाळीचं तर नावच काढू नका. लोखंड गंजलं की फुगतं.

उलटी चूकही गोव्यात झालेली आहे, तीही समितीला सांगा. जुन्या गोव्याच्या बॉम जेजूसची भिंत आज लाल दिसते ना, फोटोत सुंदर दिसते. ती मुळात तशी नव्हती. १९५० च्या दशकात तिचा चुन्याचा गिलावा काढून टाकला, दगड उघडा दिसावा म्हणून. तेव्हापासून तो चिरा पाऊस खातोय आणि झिजतोय. पुन्हा गिलावा करावा की नाही यावर मध्यंतरी बराच वाद झाला. गिलावा म्हणजे नटवणं नव्हे, ती दगडाची कातडी आहे.

सांजवात | सोमवार, रात्री ११:०५

आईचं वाचून भरून आलं. आमच्याकडं ताळगावलाही तसंच होतं. शेतात काम करणारे घंटेवर जेवायला बसायचे.

मळेकार | मंगळवार, सकाळी ७:२०

घंटा आणि मनोरा यांची ताटातूट झाली की काय होतं त्याचं गोव्यातलं उदाहरण पणजीत रोज आपल्या डोक्यावर आहे, म्हणून थोडं सविस्तर.

पणजीच्या पांढऱ्या चर्चच्या मधल्या कमानीत जी मोठी घंटा आहे, ती मूळ तिथली नाही. ती जुन्या गोव्यातल्या मोंते सांतो टेकडीवरच्या सेंट ऑगस्टीनची. ते चर्च १६०२ मध्ये पूर्ण झालं. पुढं पोर्तुगीज सरकारनंच धार्मिक संघ बरखास्त केले आणि १८३५ मध्ये ऑगस्टिनियन साधूंना बाहेर पडावं लागलं. मठ ओस. दुरुस्तीला कोण? अवघ्या सात वर्षांत, १८४२ मध्ये, चर्चचं भव्य कमानी छत कोसळलं. घंटा आधी अगुआदच्या दीपगृहाकडं गेली, तिथून १८७१ मध्ये पणजीला आली. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रलच्या सोनेरी घंटेनंतर गोव्यातली ही सर्वात मोठी घंटा मानतात.

आणि मागं राहिलेला मनोरा? १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि त्या मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला, १९३८ मध्ये आणखी पडला. आज जो उरलाय तो ४६ मीटर उंच, निव्वळ चिऱ्याचा. खाली उभं राहून वर बघितलं तर मान दुखते. त्यात घंटेच्या कमानी आहेत, घंटा नाही. पुढं पुरातत्त्व खात्यानं तिथं उत्खनन केलं, जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष तिथंच मिळाले आणि २०२१ मध्ये ते भारतानं जॉर्जियाला दिले. एवढं सगळं त्या ढिगाऱ्याखाली होतं.

मला त्यातली सात वर्षं टोचतात. १८३५ ते १८४२. सव्वादोनशे वर्षं उभी असलेली वास्तू माणसं गेल्यावर सात पावसाळे टिकली. कुणी तोफा डागल्या नाहीत. फक्त कौलं परतायला, पिंपळाचं रोप उपटायला, पाण्याची वाट मोकळी करायला कुणी नव्हतं. मास्तर, तुमच्या मनोऱ्यात रोज तीनदा एक माणूस चढतो किंवा निदान दोराशी येतो. कर्णा बसला की तो येणं थांबेल. मग वरचं रोप कोण बघणार?

म्हार्दोळचो | मंगळवार, दुपारी १:१५

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

आमचं मूळ घराणं वेर्ण्याचं. म्हाळसा वेर्ण्याला होती. सोळाव्या शतकात देवी घेऊन आमची माणसं रातोरात नदी ओलांडून म्हार्दोळला आली. मंगेश कुठ्ठाळीहून १५६० मध्ये प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. मागं राहिलेली देवळं मोडली गेली. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० ला बसलं ते १८१२ पर्यंत. ज्या दिवशी शिक्षा जाहीर व्हायच्या त्या पहाटे कॅथेड्रलची मोठी घंटा वाजवून लोकांना गोळा करायचे. माझ्या आजोबांच्या घरात जुन्या गोव्याच्या घंटेचं नाव कौतुकानं कधी निघालं नाही.

तुमच्या गावच्या चर्चचा यात दोष नाही हे मलाही कळतं. पण सगळे ‘वारसा, वारसा’ म्हणतात तेव्हा आमच्या मोडलेल्या देवळांचा चिरा कुठं गेला हे कुणीतरी विचारावं असं वाटतं.

सांजवात | मंगळवार, दुपारी २:३०

म्हार्दोळचो, राग कसला. हे बोललं गेलं हे बरं झालं. माझ्याही सासरचं कुलदैवत असंच नदी ओलांडून आलेलं आहे.

फक्त एक सांगते. जुन्या गोव्यात इन्क्विझिशनचा वाडा होता. एकोणिसाव्या शतकात तो पाडून टाकला. आज सेच्या समोरच्या मैदानात उभं राहून मी मुलांना सांगते की इथं तो वाडा होता, तर मुलं गवताकडं बघतात आणि मला म्हणतात, कुठं? दाखवायला एक भिंत नाही. पण समोर सेचा मनोरा आहे. पूर्वी दोन होते, उत्तरेकडचा १७७६ मध्ये पडला, तो पुन्हा बांधला नाही. दक्षिणेकडच्यात ती घंटा आहे. मी मुलांना ती दाखवते आणि जे घडलं ते सगळं सांगते, तुमच्या आजोबांच्या घरात जे बोललं जात नव्हतं तेसुद्धा. घंटा आहे म्हणून सांगता येतं.

आणि तुमच्या म्हार्दोळच्या घंटेचं तुम्हीच लिहा ना. इथं अर्ध्या लोकांना माहीत नसेल.

म्हार्दोळचो | मंगळवार, रात्री ८:५०

लिहितो.

म्हाळसेच्या देवळात पितळेची प्रचंड घंटा आहे. तिला पूर्वी लोळा लावलेला नसे. कुणाला साक्ष द्यायची असली की तेवढ्यापुरता लोळा अडकवायचा, साक्षीदारानं घंटा वाजवून बोलायचं. खोटं बोलणारा तीन दिवसांत मरतो अशी श्रद्धा. पोर्तुगीज अमदानीत इथली साक्ष न्यायालयातही मान्य व्हायची असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. म्हणजे आमच्याकडची घंटा बहुतेक वेळ मुकी असायची आणि बोलली की खरंच बोलायची.

सांजवातताई, तुमचं पटलं. माझं दुःख कमी झालं असं नाही, पण मुलांना गवत दाखवण्यापेक्षा मनोरा दाखवावा हे पटलं. मास्तर, तुमच्या समितीला माझ्या नावानं सांगितलंत तरी चालेल.

पंचवटी | मंगळवार, रात्री ९:३०

नाशिकहून वाचतोय. आमच्याकडं मोठ्या आवाजाच्या माणसाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. ती घंटा मूळची पोर्तुगीजांची. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्यानंतर तिकडच्या चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी आपापल्या देवळांना वाहिल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जी आहे तिच्यावर १७०७ साल कोरलेलं आहे आणि मेरीची प्रतिमासुद्धा. कुणी ती घासून काढली नाही. भीमाशंकरला तर घंटेवरचा क्रूस आजही स्पष्ट दिसतो, भाविक हात जोडून वाजवतात. या सगळ्या घंटा टिकल्या कारण त्या रोज वापरात राहिल्या, एवढं मला यात महत्त्वाचं वाटतं.

वसईचा_कुपारी | बुधवार, पहाटे ५:५५

पंचवटीकरांनी आमच्या घंटांचा विषय काढलाच आहे तर मी येतो. मी वसईचा कॅथलिक, घरची बोली मराठीचीच, नोकरीनिमित्त वास्कोत बारा वर्षं. आमच्या गावच्या चर्चमध्ये मी पोरवयात घंटा ओढायचो. त्या घंटा गेल्याचं आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना वाईट वाटतंच, पण मी मेणवलीला गेलो होतो, तिथं एका लहान मुलीला तिच्या आजीनं उचलून घेतलं होतं आणि ती दोन्ही हातांनी लोळा ढकलत होती. मला बरं वाटलं.

आता कामाचं. मास्तर, तुम्ही लिहिलंत की लोळा आदळतो तिथं अंगठा बसेल एवढा खळगा आहे. लक्ष द्या याच्याकडं. घंटेचा धातू म्हणजे साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. त्यानं नाद येतो, पण धातू ठिसूळ होतो. एकाच जागी शंभर वर्षं मार बसला की तिथं पातळ होतो आणि एक दिवस चीर जाते. चीर गेली की आवाज फाटतो, तो परत येत नाही. उपाय सोपा आहे आणि जगभर करतात: घंटा उतरवून पाव फेरी फिरवायची आणि पुन्हा टांगायची. लोळा नव्या, न झिजलेल्या जागी लागतो. पुढची कैक वर्षं निघतात. फिरवताना ज्या लोखंडी पट्ट्यांनी ती लाकडाला बांधलेली असते त्या तपासा, गंजल्या असतील. आणि तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकांत ओल आहे का, टोच्या किंवा सुरी खुपसून बघा. मनोऱ्यात पहिलं कुजतं ते तेच.

कर्ण्याबद्दल. काका थकलेत हे खरं असेल, त्यांना विश्रांती मिळायलाच हवी. पण घंटेला विजेचा हातोडा लावता येतो. वेळ लावून ठेवायची, तो बाहेरून ठोका देतो. घंटा तीच, नाद तोच. फक्त हातोड्याचा जोर बेतानं ठेवायचा, जोरात लावला तर चीर जाते. कर्ण्यातून येतो तो आवाज घंटेचा नसतो. खऱ्या घंटेत ठोक्यानंतर जो खालचा हुंकार उरतो, छातीत लागतो तो, कर्णा तो देऊ शकत नाही. मरणाची घंटा तर रेकॉर्डिंगवर मला ऐकवणारच नाही.

आणि वीज पडते त्याची सोय आहे का? मे महिन्यात गडगडाट सुरू होतो आणि गावातली सर्वात उंच जागा तुमचा मनोरा. तांब्याची पट्टी जमिनीपर्यंत नेलेली हवी, आणि ती मध्येच कुणी चोरून नेलेली नाही ना हेही बघा.

गवंड्याचीलेक | बुधवार, रात्री १०:१०

हा धागा दोन दिवस वाचतेय, आज लिहितेच.

माझे वडील गवंडी होते, पेडण्याकडचे. शेवटपर्यंत चुन्यात काम केलं. त्यांच्या हातावर चुन्याचे पांढरे डाग होते ते गेलेच नाहीत. त्यांच्यासोबत मी सुट्टीत जायची, म्हणून जे बघितलंय ते सांगते.

चुना शिंपल्यांचा. शिंपले, खुबे भट्टीत भाजायचे. मग ते पाण्यात टाकायचे, तेव्हा पाणी उकळतं, फसफसतं, वाफ येते. आम्हा पोरांना लांब उभं करायचे. तो चुना खड्ड्यात पाण्याखाली मुरत ठेवायचा. वडील म्हणायचे, चुना लोणच्यासारखा, जितका मुरेल तितका बरा. कमीत कमी महिना तरी, जास्त झाला तर उत्तमच. मग धुतलेली वाळू, गुळाचं पाणी. मळताना तो थापीला लोण्यासारखा चिकटला पाहिजे आणि थापी उलटी केली तरी पडता कामा नये. ही त्यांची परीक्षा.

भिंतीला लावायच्या आधी भिंत आदल्या दिवशी भिजवायची. एकदम जाड थर कधीच नाही. पातळ पातळ, एकावर एक, प्रत्येक थर ओढला की मगच पुढचा. आणि ओली गोणपाटं लावून ठेवायची, नाहीतर ऊन लागून तडकतो. शेवटी गुळगुळीत दगडानं घासायचा. वडिलांचा तो दगड अजून माझ्याकडं आहे, नदीतला, तळहाताएवढा, एका बाजूनं आरशासारखा झालेला.

म्हणून मास्तर, तीन आठवड्यांत काम उरकायचा हट्ट समितीनं धरला तर ते चुन्यात होणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगा. पाऊस गेल्यावर सुरू करायचं आणि पुढच्या पावसाच्या बरंच आधी संपवायचं. तोवर पडलेल्या भागावर जुनी पद्धत करा: विणलेली चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, बांधा. आमच्याकडं मातीच्या आणि उघड्या चिऱ्याच्या भिंतींना पावसाळ्यात तशीच झाकायचे. स्वस्त आहे आणि वारा आत खेळतो. प्लास्टिक बांधलंत तर आत घाम येतो.

आणि पिंपळ. नुसता कापू नका. कापला की दुप्पट येतो. मूळ कुठवर गेलंय ते बघून, जिथं उपटला तर दगड निघेल तिथं तो आधी जागेवरच मारून, सुकवून, मग काढावा लागतो.

डिचोलीवकील | गुरुवार, दुपारी १२:०५

कायद्याचं विचारलंत, थोडक्यात सांगतो.

केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात गोव्यातली २१ स्मारकं आहेत. त्यांना १९५८ चा कायदा लागू होतो आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर भोवतीचे १०० मीटर बांधकामाला बंद, त्यापुढचे २०० मीटर परवानगीनं. जुन्या गोव्यातल्या ज्या सात वास्तू १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या त्या यातच येतात. राज्याचा स्वतंत्र कायदा १९७८ चा आहे, त्याखाली ५१ स्मारकं. पणजीच्या फोंतेन्हाससारख्या भागाला नगर नियोजनाच्या नियमांत जतन क्षेत्राचा दर्जा आहे.

गावोगावची बहुतेक चर्च आणि देवळं यांपैकी कशातच नाहीत. तुमचा मनोराही नसणार असं धरून चाला. म्हणजे सिमेंट लावू नका असं हुकूम देऊन सांगणारं कुणी नाही, आणि मला विचाराल तर या प्रकरणात हुकूम मागूही नका. समिती तुमची वैरी नाही. नोटीस गेली की माणसं आडमुठी होतात, मित्राची समितीतली जागाही जाईल.

त्यापेक्षा तीन कामं करा. मनोऱ्याचे आत्ताचे सगळ्या बाजूंनी फोटो आणि मापं, तारखेसह. तुम्ही चित्रकार आहात, मोजून नकाशा काढा. दुसरं, वारसा जतनाचं काम करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या गोवा शाखेला लिहा, त्यांच्याकडं जाणकार वास्तुविशारद असतात. रेइश मागुशचा किल्ला पडझडीला आला होता. राज्य सरकार, इंटॅक आणि एका ब्रिटिश न्यासानं मिळून तो दुरुस्त केला आणि २०१२ मध्ये लोकांना खुला झाला, हे उदाहरण समितीला दाखवा. तिसरं, पूर्ण काम नको, आधी एका कोपऱ्यात नमुना करून दाखवण्याची परवानगी मागा. एका मीटरच्या चौकोनाला कुणी नाही म्हणत नाही.

फोंड्याचीनात | गुरुवार, रात्री ९:४५

सगळे चर्चबद्दल लिहितायत म्हणून देवळाचं एक लिहायलाच हवं, नाहीतर माझं मन मला खाईल.

गोव्यातला दीपस्तंभ आणि देशावरची दीपमाळ यांत फरक आहे. जेजुरीला बघा, दगडी खांब आणि त्याला दिवे ठेवायला बाहेर आलेले हात. आमच्याकडं दीपस्तंभ म्हणजे मजल्यांचा मनोरा. मंगेशीचा सात मजली आहे: अष्टकोनी, प्रत्येक मजल्याला कमानी, कोनाडे, कठडे, पांढराशुभ्र. चर्चच्या मनोऱ्याचा सख्खा भाऊ वाटावा. वाटणारच, कारण अठराव्या शतकात फोंड्याकडची देवळं पुन्हा मोठी बांधली गेली तेव्हा आपल्याच गवंड्यांनी आपल्याला येत होती त्याच कमानी आणि तोच चुना वापरला. कवळ्याचं शांतादुर्गेचं देऊळ शाहू महाराजांच्या काळात, नारोराम मंत्र्यांच्या पुढाकारानं, १७३८ मध्ये उभं राहिलं. त्याचा घुमट बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. म्हार्दोळचोदादा, तुम्ही विचारलंत मोडलेल्या देवळांचं काय झालं. मला वाटतं ज्यांनी ती बांधली होती त्यांचे हात नदी ओलांडून आले.

आता माझी सल. आमच्या गावच्या देवळात, नाव सांगत नाही, महाद्वारावर नगारखाना होता. लाकडी कठडा, वर उतरतं कौलारू छप्पर, तिथं बसून चौघडा वाजायचा. जीर्णोद्धारात तो पाडला आणि सिमेंट काँक्रीटचा केला, वर झगझगीत रंग. दीपस्तंभाला तैलरंग दिला, कारण ‘दरवर्षी चुना मारायची कटकट नको’. तिसऱ्या पावसाला रंगाचे फुगे आले. फुगा फोडला तर आतून लाल पाणी. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, महाजनांच्या बैठकीत बायका बोलत नसत, मी मागं उभी राहून ऐकत राहिले. बोलले नाही याचं अजून वाईट वाटतं.

मास्तर, तुम्ही बोला.

चिरेबंदी | गुरुवार, रात्री १०:२०

नात, दीपस्तंभाचं अजून काही गेलेलं नाही. तैलरंग काढता येतो, हळूहळू, ब्रशनं आणि लाकडी पट्टीनं. वाळूचा फवारा किंवा दाबाचं पाणी अजिबात नको. काढल्यावर दोन उन्हाळे भिंत उघडी वाळू द्यावी लागते. मी येऊन बघेन, पैसे घेणार नाही. खाजगी निरोप करा.

गवंड्याचीलेक, तो नदीतला दगड घेऊन याल का? कामगारांना दाखवायला हवा. आता तो दगड कसा धरायचा हे दाखवणारे हात राहिले नाहीत.

चित्रमास्तर | पुढचा सोमवार, रात्री ८:३०

काय लिहू. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला भाषणच तयार करून दिलंत.

काल मिसा संपल्यावर समितीची बैठक झाली. पाद्री विगारांनी मलाही बसवलं. मी घरून एक चिरा नेला होता, आणि मित्रानं उत्तरेच्या त्या जुन्या सिमेंटच्या ठिगळाचा एक तुकडा काढून आणला होता. मागच्या बाजूनं त्याला चिऱ्याचा लाल थर चिकटलेला, आणि त्यावर पांढरे क्षार मिठासारखे. तो टेबलावर ठेवला. सगळ्यांनी हातात घेऊन बघितला, एकानं जिभेलाही लावून बघितला. त्यानंतर मला फारसं बोलावं लागलं नाही.

ठरलं ते असं. जाळी आणि सिमेंट रद्द. आणलेली सिमेंटची पोती कुंपणाच्या भिंतीला वापरतील. पश्चिमेच्या भागाला चुडतं बांधायची. इंटॅकला पत्र समितीच्याच सहीनं जाईल. जमिनीलगत पूर्वेच्या कोपऱ्यात एक मीटर चौकोन चुन्याचा नमुना करून बघायचा, एक पावसाळा जाऊ द्यायचा आणि मग पूर्ण कामाचं ठरवायचं. पैशांचं अजून कठीणच आहे. चुन्याचं काम महाग पडेल हे मी लपवलं नाही.

कर्ण्यावर मात्र एकमत झालं नाही. दोघंजण अजून कर्णाच म्हणतात, विजेचा हातोडा त्यांना खर्चिक वाटतो. पुढच्या बैठकीत येईल. पण वसईकर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तुळईच्या टोकात सुरी खुपसली. एका बाजूला दोन इंच आत गेली. ती तुळई आधी बदलायची, तोवर घंटा जोरानं ओढायची नाही, हे काकांनी स्वतःच सांगितलं. मी त्यांना विचारलं की कर्णा आला तर तुम्हाला बरं वाटेल का. ते म्हणाले, ‘म्हाका पांयांनी जायना, हातांनी जाता.’ म्हणजे जिना चढायचा त्रास आहे, दोर ओढायचा नाही. दोर तर खालीच येतो. वर ते जायचे ते झाडू मारायला, कबुतरांची घाण काढायला, रोपं उपटायला. इतकी वर्षं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आता वर महिन्यातून एकदा मी आणि मित्र जाणार.

म्हार्दोळचो, तुमचं म्हणणं मी बैठकीत वाचून दाखवलं, दोन्ही वेळचं. पाद्री विगार बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, या माणसाला फेस्ताला बोलवा. तर आमंत्रण आहे, घरी जेवायला माझ्याकडं.

शनिवारी सकाळी साडेआठला चर्चच्या मागच्या अंगणात नमुन्यासाठी शिंपल्यांचा चुना भिजवायला घालतोय. गवंड्याचीलेक पेडण्याहून येतायत, दगडासह. ज्यांना यायचंय त्यांनी खाजगी निरोप करा, पत्ता कळवतो. जुने कपडे घाला, डोळ्यांना चष्मा आणा, आणि पोरांना लांब उभं करायची जबाबदारी ज्यानं त्यानं घ्यायची.